शेरा मारून मोकळे झालात, साहेब!

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात यशवंत स्टेडियमवरून निघालेला आम्हा कारखाना कामगारांचा पगारवाढीचा मोर्चा मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला अडला, तेव्हा शिष्टमंडळाला आत बोलावून आपण चहा पाजलात आणि निवेदनावर 'तातडीने बैठक लावावी' असा शेरा मारलात. ती तातडीची बैठक काल लागली, ऐन उन्हाळ्यात! कंपनीकडून आलं कोण, तर एचआरमधला परवा लागलेला पोरगा. प्रत्येक मागणीवर एकच पालुपद, "मला अधिकार नाहीत, वर विचारून सांगतो." मालक-कामगारांत तडजोड घडवणाऱ्या सरकारी समेट अधिकाऱ्यांनी मान डोलावली आणि पुढची तारीख दिली.

पगारवाढीचा करार संपून वर्ष उलटलं. आता तीन वर्षांचे मिळून ११०० रुपये देऊ म्हणतात, वरून उत्पादन १५ टक्के वाढवून हवं. मंदी आहे म्हणे. असेल बाप्पा! पण रात्रपाळीला आठ-दहा ट्रक भरून जातात, ठेक्याची पोरं डबल ड्युटी करतात, ते कोणत्या मंदीत? खरंच तोटा असेल तर ताळेबंद टेबलावर ठेवा, आम्ही कमी घेऊ. युनियननं हे लेखी दिलंय. ताळेबंद काही निघत नाही.

त्यात कॅन्टीनची थाळी १२ वरून ४० रुपये केली. समेटाची कार्यवाही चालू असताना सेवाशर्ती बदलता येत नाहीत, हा कायदा आहे ना? का तोही वर विचारून सांगणार? पत्र्याच्या शेडखाली प्रेस चालवून माझा मणका गेलाय, पोरीची इंजिनिअरिंगची फी पतसंस्थेतून उचललीय, आणि घरून डबा नेला तर सुपरवायझर विचारतो, "बहिष्कार आहे का?"

तुमचं बरंय. २०१६ साली आमदारांचे पगार चर्चेविना वाढले. राज्यावर कर्ज होतंच, पण तेव्हा कोणाला मंदी आठवली नाही. आमच्या वाट्याला नवी कामगार कायद्याची संहिता. पूर्वी १०० कामगार असले की कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागायची, आता ३०० पेक्षा कमी असले तर लागत नाही. आम्ही २४० आहोत, मालकाला हे पाठ आहे. संपासाठी मात्र आम्ही १४ दिवस आधी नोटीस द्यायची. नागपुरातली १८७७ ची एम्प्रेस कापड मिल २००२ मध्ये बंद पडली, तिथं मॉल उभा राहिला. आमच्या शेडवर काय बांधायचं ठरलंय, तेही एकदा सांगून टाका.

पुढच्या तारखेला सहीचा अधिकार असलेला माणूस आणि तीन वर्षांचे ताळेबंद मागवा. जमत नसेल तर तसं कळवा, संपाची नोटीस टाइप करून ठेवलीय.

आपला,
एक प्रेस ऑपरेटर
हिंगणा एमआयडीसी, नागपूर