वापरात येईल असं विणायला शिकवणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय. तुमच्यापुढे बसून आभार मानायला लागले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. शिवाय क्रोशा किंवा सुया नुकत्याच हातात घेतलेल्या कुणाला तुमच्या शिकवण्यातलं काही उपयोगी पडलं, तर मला फार आनंद होईल.

मी डावखुरी. आधी ज्यांनी ज्यांनी शिकवायचा प्रयत्न केला, ते सगळे माझ्या शेजारी बसले आणि सुई माझ्या उजव्या हातात देत राहिले. तुम्ही तुमची खुर्ची उचलून माझ्या समोर ठेवलीत. तुमचा उजवा हात माझ्या डाव्या हातासमोर आला, आणि साखळी, मुका खांब, खांब हे क्रोशाचे टाके आरशात बघितल्यासारखे मला करता आले. दोन सुयांवर विणताना मात्र तुम्ही हात बदलू दिला नाहीत. तिथे दोन्ही हातांना सारखंच काम असतं आणि नमुना वाचताना सगळं उलटं करत बसावं लागत नाही, हेही सांगितलंत. तुम्ही "असंच करायचं" कधी म्हणाला नाहीत, प्रत्येक गोष्टीचं कारण दिलंत. त्यामुळेच आज तुम्ही जवळ नसतानाही माझं अडत नाही.

काही विणायला घेण्याआधी तुम्ही एकच प्रश्न विचारायचात: "हे कोण वापरणार आणि कसं?" रंग, नमुना, लोकर सगळं त्यानंतर. तेव्हा मला तो नुसता शिस्तीचा भाग वाटायचा. आता वाटतं, घरी विणलेल्या वस्तूंबद्दल शिकण्यासारखं बहुतेक सगळं या एका प्रश्नात आहे.

गरम भांडं धरायच्या जाड रुमालाचंच घ्या. अ‍ॅक्रिलिकचे रंग कितीही सुंदर असले तरी तो धागा उष्णतेने वितळतो, म्हणून तिथे सुतीच हवा. वीणही घट्ट आणि दुहेरी हवी, कारण जाळीतून चटका थेट हाताला लागतो. तोच सुती दोरा मोठ्या स्वेटरला वापरला तर स्वेटर जड होतो आणि वापरून वापरून खाली ओघळतो. आणि ज्या घरात सगळे कपडे एकत्र मशीनमध्ये जातात, तिथे साधी लोकर भेट द्यायची नाही. गरम पाणी आणि घुसळण मिळाली की लोकरीच्या तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि कपडा आटून नमद्यासारखा होतो. तिथे मशीनमध्ये धुता येणारी लोकर घ्यायची, नाहीतर धुण्याची सूचना चिठ्ठीवर लिहून भेटीसोबत द्यायची. ही चिठ्ठी मी आजही न चुकता ठेवते.

मला सगळ्यात आवडलेला तुमचा धडा गोल चकतीचा. मुक्या खांबांची सपाट चकती हवी तर पहिल्या फेरीत सहा, मग बारा, अठरा, चोवीस, म्हणजे दर फेरीला सहाच वाढवायचे. खांब उंच असतो म्हणून त्याला बारा लागतात. वाढ कमी पडली की चकतीची वाटी होते, जास्त झाली की कडेला झालर सुटते. तुम्ही मला तिन्ही प्रकार मुद्दाम विणायला लावलेत आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेत. त्यानंतर मला टोपीसाठी नमुना शोधावा लागला नाही. डोक्याचा घेर 54 सेंटिमीटर असेल तर चकतीचा व्यास साधारण 17 सेंटिमीटर झाला की वाढवणं थांबवायचं आणि सरळ खाली उतरायचं. पुढे वाचनात आलं की कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ डायना ताइमिना यांनी 1997 मध्ये नेमक्या अशाच सतत वाढणाऱ्या टाक्यांनी हायपरबोलिक पृष्ठभाग (कडेकडे झालरीसारखा पसरत जाणारा) क्रोशाने विणून दाखवला. कागदी प्रतिकृती नाजूक असतात, क्रोशाची हातात धरून दुमडता येते. ती चित्रं बघताना मला तुमच्या टेबलावरची झालर आठवली आणि खूप अभिमान वाटला.

नमुन्याचा तुकडा आधी विणून बघायला सगळेच सांगतात, पण कंटाळा येतो म्हणून तो बहुतेक जण टाळतात. तुम्ही मला त्यातलं गणित दाखवलंत. दहा सेंटिमीटरमध्ये 20 टाके धरून 50 सेंटिमीटर रुंदीसाठी 100 टाके घातले, आणि आपल्या हाताला प्रत्यक्षात 22 टाके बसत असतील, तर कपडा साडेपंचेचाळीस सेंटिमीटरच्या आसपास थांबतो. म्हणजे ज्याच्यासाठी विणला, त्याच्या अंगात तो जाणारच नाही. तुकडा धुऊन, सपाट वाळवून मगच मोजायचा, कारण कपडाही पुढे धुतलाच जाणार आहे. आणि लागेल तेवढी सगळी लोकर एकदम घ्यायची. कागदी पट्टीवरचा रंगाचा क्रमांक एक असला तरी रंगवणीचा घाणा, म्हणजे एका वेळी रंगवलेली खेप, वेगळी असेल, तर पाठीवर मधूनच छटा बदललेली दिसते.

बाळासाठी विणताना मात्र तुम्ही फार कडक व्हायचात, आणि मला ते मनापासून पटतं. मोठी जाळी नको, त्यात बोटं अडकतात. गळ्याशी नाडी नको. मोज्यांच्या आतल्या बाजूला सुटा धागा राहू द्यायचा नाही, तो इवल्याशा बोटाभोवती गुंडाळला जाऊ शकतो आणि बाळ का रडतंय ते कुणाच्या लक्षातही येत नाही. खेळण्याला मण्याचे किंवा प्लॅस्टिकचे डोळे लावायचे नाहीत, धाग्याने भरायचे. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, म्हणून स्वेटरला खांद्यावर गुंड्यांची उघडझाप हवी. त्या गुंड्याही दोऱ्याने गच्च शिवायच्या आणि ओढून बघायच्या. पुस्तकांत आणि व्हिडिओंमध्ये बाळाचे कपडे दिसायला किती गोड, हेच जास्त असतं. माझ्या मते ही काळजी पहिल्या पानावर हवी.

टाके निसटायची माझी भीतीही तुम्हीच घालवलीत. क्रोशात एकच फास उघडा असतो, त्यामुळे उसवलं तरी हवं तिथे थांबता येतं. सुयांवर मात्र सगळे फास एकाच वेळी उघडे, आणि एक सुटला की शिडीसारखा खाली घसरतो. तो क्रोशाच्याच सुईने एकेक पायरी वर उचलून आणायचा हे तुम्ही दाखवलंत. नाजूक जाळीच्या विणीत अधूनमधून एका ओळीतून वेगळ्या रंगाचा दोरा ओवून ठेवायलाही शिकवलंत. उसवावं लागलं तरी त्या ओळीशी उसवणं थांबतं.

काकू, तुमच्यामुळे माझ्या भेटवस्तू कपाटात घडी घालून पडून राहत नाहीत. मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात माझे रुमाल रोज वापरून फिके झालेत, आणि तिने आणखी मागितले तेव्हा मला जे वाटलं ते कुठल्याही कौतुकाने वाटलं नव्हतं. भाचीचं टोपडं तिच्या धाकट्या भावाला आलं, पुढे आणखी कुणाकडे गेलं. ते अजून उसवलेलं नाही. टोकं लपवताना धागा एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवायची सवय तुमचीच.

आता तुमच्यासाठी शाल विणायला घ्यायची आहे, आणि या वेळी नको म्हणू नका. लोकर मानेला टोचते असं तुम्ही पूर्वी म्हणाला होतात, म्हणून मेरिनो या मऊ लोकरीचा एक तुकडा आणि सुती मिश्रणाचा एक तुकडा विणून, धुऊन सोबत पाठवतेय. दोन्ही थोडा वेळ मानेशी धरून बघा आणि कुठला चालेल ते कळवा. बसल्यावर गुडघ्यांवरही घ्यायची असेल तर लांबी किती हवी, तेही सांगा. त्याप्रमाणे टाके घालते.

तुमची,
समोरच्या खुर्चीवरची विद्यार्थिनी