उन्हाळ्यात सुप्याला येशील तेव्हा

सुपे, ता. बारामती
५ मे

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

नवी लेन्स घेतलीस आणि पहिली फेरी इकडेच करायची ठरवलीस, हे वाचून फार बरं वाटलं. मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं. मे महिन्यात गवत वाळून पिवळं पडलेलं, मधेच बाभळी-बोरी. पण आडोसा उरत नाही, म्हणूनच जनावर दिसतं. वनखात्याच्या पाणवठ्यावर चिंकारा येतो, दोन घोट घेतो की मान वर करतो. तेव्हाच क्लिक कर. डोळ्यात उजेडाचा ठिपका मिळतो.

उजाडताच आत शिरू. पखुर्ड्या, माळावरची ती कबुतरासारखी पाखरं, सकाळीच पाण्याला उतरतात. नऊनंतर जमिनीतून झळा उठतात आणि ५०० मिलिमीटरच्या लेन्समधून सगळं थरथरतं. शटरचा वेग कितीही वाढव, पिसाची धार येत नाही. गाडीतून उतरायचं नाही. गाडीला पाखरं फारशी बुजत नाहीत, चालत्या माणसाला बुजतात.

एक गोष्ट मात्र भेटीआधीच लिहितो. गेल्या उन्हाळ्यात गावाबाहेरच्या पडीक रानात मला माळटिटवीचं घरटं सापडलं. घरटं कसलं, उघड्या मुरमात चार अंडी, खड्यांसारखीच ठिपक्यांची. मी वीस पावलांवर पालथा पडलो. टिटवी डोक्यावर ओरडत फिरत होती. वाटलं, सरावेल. साडेअकरा वाजले होते. अशा उन्हात ती अंडी उबवायला नाही, निववायला बसते. पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते, अंड्यांवर सावली धरते. हे मला ठाऊक होतं रे! तरी चांगल्या फ्रेमच्या आशेनं चाळीस मिनिटं मी तिला बसू दिलं नाही.

चार दिवसांनी गेलो. अंडी तशीच होती, टिटवी नव्हती. माझ्यामुळेच झालं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण माझं मन मला सोडत नाही. ते फोटो अजून कुणाला दाखवलेले नाहीत.

म्हणून घरटं दिसलं, तर मी गाडी थांबवणार नाही. रागावू नकोस. धाविक पक्षी पळताना दाखवीन, डोंबारी चंडोल हवेत कोलांट्या घेताना दाखवीन. तेवढ्यानं तुझं कार्ड भरेल.

शनिवारी रात्रीच मुक्कामाला ये. आईनं पन्ह्यासाठी कैऱ्या आणून ठेवल्यात. आणि एक पांढरा पंचा आण, कॅमेऱ्यावर टाकायला. हात भाजेल इतका तापतो.

तुझा,
माधव