मेलेले मासे इथे कुणी का उचलत नाही

रेंटन, वॉशिंग्टन राज्य
२६ ऑक्टोबर

ती. बाबा,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर मी नदीकाठी पडलेल्या मेलेल्या माशांचं सांगितलं, तेव्हा तुम्ही दोनदा विचारलंत, "आणि कुणी उचलत नाही?" आवाज तुटत होता, आई मधेच औषधांचं विचारत होती, त्यामुळे नीट सांगता आलं नाही. म्हणून आता सविस्तर लिहिते.

नदीचं नाव सीडर. कॅस्केड डोंगरात उगम पावते आणि सुमारे ७० किलोमीटर वाहून आमच्या रेंटनमध्ये लेक वॉशिंग्टनला मिळते. सिअ‍ॅटल शहराचं पिण्याचं पाणी मुख्यतः हिचंच. रेंटनचं वाचनालय थेट पात्रावर, या काठापासून त्या काठापर्यंत बांधलंय. सप्टेंबर लागला की लोक तिथे कठड्याला टेकून सॅमन मासे बघत उभे असतात.

यातले बरेचसे सॉकाय जातीचे. जन्म नदीतल्या गोट्यांत, मग साधारण वर्षभर तळ्यात, पुढे समुद्रात. तिथे दोन-तीन पावसाळे काढून, वाढून, अंडी घालायला पुन्हा याच नदीत येतात. समुद्रात चंदेरी असलेला मासा गोड्या पाण्यात चढताना लालभडक होतो, डोकं हिरवं पडतं, नराच्या पाठीला कुबड येतं. खाणं बंद झालेलं असतं. अंगात साठवलेल्यावरच सगळा प्रवास.

एक मादी मी काठावरून अगदी जवळून पाहिली. कुशीवर आडवी व्हायची, शेपटीचे चार-पाच जोरकस फटके मारायची, की गोटे उडायचे, गाळ वाहून जायचा. मग सरळ होऊन क्षणभर दम खायची, पुन्हा आडवी. शेपटीची कड झिजून पांढरी पडली होती. खळगा मनासारखा झाला की त्यात केशरी, वाटाण्याएवढी अंडी सोडायची, आणि जरा वरच्या अंगाला पुन्हा खणायला घ्यायचं, म्हणजे तिथले गोटे वाहत येऊन खालची अंडी झाकली जातात. हे उरकल्यावर जीव जाईपर्यंत त्या जागेची राखण. नरही मरतात. समुद्राकडे परत कुणीच जात नाही.

आता तुमचा प्रश्न. या माशाचं बहुतेक सगळं मांस समुद्रात कमावलेलं असतं. तो नदीकाठी मरतो म्हणजे समुद्राचा कस डोंगरापर्यंत पोचतो. पांढऱ्या डोक्याचे गरुड येतात, कावळे, रकून, पाणमांजरं येतात, वरच्या जंगलात अस्वलं. ही जनावरं मासा ओढून झाडीत नेतात, अर्धा खातात, अर्धा टाकतात. उरलेल्यावर माश्या अंडी घालतात. त्यांतून निघालेल्या अळ्या पाण्यात पडल्या की कोहो जातीच्या सॅमनची पिल्लं त्या खातात. डिपर नावाचा राखाडी, मुठीएवढा पक्षी चक्क पाण्याखाली चालत वाहून आलेली अंडी टिपतो. राहिलेलं मातीत जातं. समुद्रातल्या नायट्रोजनची एक खूण असते, ती शास्त्रज्ञांना सॅमनच्या नद्यांकाठच्या झाडांच्या लाकडात सापडली आहे. मासे कमी झाल्यामुळे इथे हॅचरीतले, म्हणजे माशांची पैदास करतात त्या केंद्रातले, मेलेले सॅमन मुद्दाम ओढ्यांत नेऊन टाकतात. म्हणून बाबा, कुणी उचलत नाही. उचललं तर नदीच्या तोंडचं काढल्यासारखं होईल.

झाडंही नदीला परत देतात. काठावर रेड अल्डर भरपूर. त्याच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यांतले जीवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात, आपण भातानंतर वाल-कडवे करतो तसंच. अल्डरचं पान पिवळं न होता हिरवंच गळतं. पाण्यात हात घालून असं एक कुजकं पान उचललं, तर त्याला कॅडिसफ्लाय नावाच्या किड्याची अळी चिकटलेली. वाळूचे कण रेशमाने जोडून तिने स्वतःभोवती नळी विणली होती आणि डोकं बाहेर काढून पान कुरतडत होती. या अळ्या पान खातात, माशांची पिल्लं अळ्या खातात. शिवाय सावलीमुळे पाणी थंड राहतं, आणि थंड पाण्यात प्राणवायू जास्त टिकतो. पडलेलं झाडसुद्धा नदीतून काढत नाहीत. त्याच्या आडोशाला डोह होतो, पिल्लं तिथे पुरापासून वाचतात.

सगळं छान चाललंय असं मात्र नाही. शहरातल्या ओढ्यांत कोहो अंडी घालण्याआधीच तडफडून मरत होते आणि वर्षानुवर्षं कारण सापडत नव्हतं. २०२० मध्ये ते सापडलं: टायरचं रबर टिकावं म्हणून घालतात त्या रसायनापासून तयार होणारं एक विष. टायर झिजतात, ती भुकटी रस्त्यावर साठते आणि पावसाबरोबर ओढ्यात जाते. मी रोज गाडी चालवते, त्यामुळे हे वाचून फार अस्वस्थ झाले. तेच पाणी माती आणि कंपोस्टच्या थरातून गाळून सोडलं तर कोहो जगतात, हेही इथल्या संशोधकांनी दाखवलंय.

हे सगळं बघताना मला सतत गावचा ओढा, आपला पऱ्या आठवतो. मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडला की चढणीचे मासे नदीतून पऱ्यात, पऱ्यातून मळ्यात चढतात, तेही गाबोळीने भरलेले. पूर्वी दादा पाग, म्हणजे फेकायचं जाळं, घेऊन जायचा, तेवढं ठीक होतं. हल्ली मच्छरदाण्या आडव्या लावून अख्खा पऱ्या अडवतात, असं तोच सांगत होता. बाबा, मासे खाऊ नका असं मी म्हणणार नाही, मलाही ती चव इथे मिळत नाही. पण एका काठाने मोकळी वाट राहू द्या, आणि पहिले दोन-चार दिवस तरी जाळी नको. अंडी घालायला वर कुणी पोचलंच नाही, तर पुढच्या वर्षी चढणार कोण?

दुसरं, नव्या साकवासाठी काठ साफ करणार आहेत म्हणालात. साकव हवाच, पावसात पोरांना शाळेत जायला त्याशिवाय वाट नाही. पण वरच्या अंगाचे दोन उंबर आणि करंजांची रांग साकवाच्या आड येत नाही. तेवढी राखायला सांगा. तुम्ही ग्रामसभेत उभं राहून बोललात तर लोक ऐकतील. दादालाही सोबत न्या, आणि त्याआधी हे पत्र त्याला वाचून दाखवा.

आईच्या गोळ्यांचं मी डॉक्टरांशी बोलले आहे, दादाला मेसेज केलाय. तिला माझा नमस्कार.

तुमची,
सुमी