सेन्सर मार्केटात तपासा

मा. संपादक,
स.न.

कालच्या अंकात माशातलं फॉर्मेलिन (फॉर्मल्डिहाइडचं पाण्यातलं द्रावण, मासळी टिकवायला चोरून घालतात ते) ओळखणाऱ्या नव्या सेन्सरची बातमी वाचली. फोटो केवढा मोठा, पण तो किती कमी प्रमाण पकडतो, एका टेस्टचा खर्च किती, बर्फाच्या पाण्यातल्या बुळबुळीत बांगड्यावर चालतो का, यातलं काहीच नाही. २०१८ चा जुलै गोंयकार विसरलेले नाहीत. मडगावच्या होलसेल मार्केटात किटने फॉर्मेलिन दाखवलं, मग म्हणे मर्यादेतच आहे, आणि थोड्याच दिवसांत बाहेरची मासळी बंद! आमच्या घरी इसवण आणली की अजून वाद होतो.

मर्यादेची गोष्ट खोटी नाही हो. समुद्रातल्या माशात मेल्यानंतर त्याच्याच एन्झाइममुळे थोडं फॉर्मल्डिहाइड तयार होतं, बोंबलात तर बरंच, म्हणून तर एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षेच्या केंद्रीय संस्थेने, २०१९ मध्ये नेहमीच्या माशांना किलोमागे ४ मिलिग्रॅम आणि बोंबलासारख्यांना १०० मिलिग्रॅम ठरवलं. म्हणजे किटमधल्या पट्टीचा नुसता रंग बदलून भागत नाही, आकडा लागतो. सेन्सरमध्ये फॉर्मल्डिहाइड डिहायड्रोजनेज हे एन्झाइम वापरलं तर तो मिळतो, मी हायर सेकंडरीत केमिस्ट्री शिकवायचे म्हणून सांगते. पण एन्झाइम म्हणजे प्रोटीन, उकाडा आणि दमट हवा त्याला सोसत नाही.

माझ्या आईच्या शुगरच्या पट्ट्यांचंच बघा, त्यांच्यावरही एन्झाइमच असतं. मे महिन्यात फार्मसीवाल्याने काचेच्या शोकेसमध्ये उन्हात ठेवलेली डबी दिली, मशीनवर शुगर कमी कमी येत गेली, डॉक्टर गोळी कमी करायच्या बेतात होते, आणि लॅबमध्ये रक्त दिलं तर शुगर कितीतरी जास्त! डबीवर ३० डिग्रीच्या खाली ठेवा असं स्पष्ट छापलेलं आहे. जाब विचारायला गेले तर म्हणतो, "एक्सपायरीला अजून वेळ आहे मॅडम." आईच्या जिवाशी खेळ झाला असता, त्याचं त्याला काहीच नाही. क्लार्क आणि लायन्स या शास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये ग्लुकोजच्या एन्झाइम सेन्सरची कल्पना मांडली, इतक्या जुन्या, मुरलेल्या टेस्टची ही गत, मग नव्या सेन्सरचं भर पावसात मार्केटात काय होणार?

झुआरीनगरच्या बिट्स पिलानीच्या कॉलेजमध्ये अशा बायोसेन्सरवर काम चालतं, गोव्यात हुशार माणसांची कमी नाही. त्यांना एसी लॅबमधून पहाटेच्या लिलावात आणा, जूनमध्ये आणा. सेन्सरने तपासलेल्या माशाचा तुकडा लॅबलाही पाठवा आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापा. तुम्हीच छापा, तुमचा पेपर घरोघरी वाचतात.

आणि एक, आमच्या गावच्या मासळी मार्केटात दिवे इतके मंद आणि पिवळे आहेत की उद्या कोणी पट्टी लावली तरी रंग कळायचा नाही. पंचायतीत अर्ज दिला, पोचपावतीसुद्धा दिली नाही. गटार तुंबलंय ते वेगळंच.

आपली,
एक वाचक, फोंडा तालुका