काका, त्या दोन बटणांबद्दल आभार

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

आमच्या इमारतीत गॅस नाही. प्रत्येक खोलीत भिंतीला खिळवलेला जडशीळ स्टोरेज हीटर, त्यावर दोन बटणं, आणि मीटरवर दोन वेगळे आकडे. पुण्या-नागपुराहून थेट लीड्सच्या जानेवारीत उतरलेल्या माणसाला यातलं काही उमगत नाही. तुम्ही घरोघरी येऊन, झडप हलवून दाखवून ते समजावलंत. पत्र उघडं लिहितो आहोत, कारण इंग्लंडात असे हीटर असलेल्या घरांत आपली बरीच मंडळी राहतात.

सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते तुमचं वाक्य: 'इनपुट म्हणजे उद्या, आउटपुट म्हणजे आज.' रात्री स्वस्त विजेवर आतल्या विटा तापतात. किती तापवायच्या ते इनपुट ठरवतं. आउटपुट फक्त वरची झडप उघडतं. संध्याकाळी गारठा वाटला म्हणून इनपुट वाढवलं, तर त्या रात्री काहीच मिळत नाही, दुसऱ्या दिवशी मात्र नको तेवढी ऊब येते. आउटपुट रात्रभर उघडं राहिलं तर त्याहून वाईट. विटा भरत असतानाच ऊब निसटते, आपण दुलईत असतो, आणि संध्याकाळी पाचला हीटर कोमट. मग हात बूस्टकडे, म्हणजे लगेच ऊब देणाऱ्या जादा हीटरकडे जातो, आणि बूस्ट चालतो दिवसाच्या महाग दराने. निखारे राखेखाली झाकून ठेवतात तशी झडप झाकून ठेवायची, हे तुम्ही म्हणालात तेव्हा आमच्यातल्या आजींनाही पटकन कळलं.

आता आम्ही झोपताना आउटपुट 1 वर आणतो. सकाळीही तिथंच ठेवतो. झडप बंद असली तरी हीटरच्या अंगातून थोडी ऊब येतच असते. संध्याकाळी घरी आल्यावर 3, नंतर गरज पडली तर 4. झोपताना विटांत बरीच ऊब उरली असेल तर इनपुट एक घर खाली, आठच्या आतच संपली तर एक घर वर, आणि बदल केल्यावर दोन दिवस थांबायचं. हिमाचा अंदाज असेल तर आदल्या संध्याकाळीच वाढवायचं.

हिशेबही तुम्हीच मांडून दिलात. 3.4 किलोवॅटचा हीटर सात तास पूर्ण भरला तर जवळजवळ 24 युनिट खातो, 1.7 चा 12. रात्रीचा दर 15 पेन्स, दिवसाचा 33 आणि एकाच दराच्या योजनेचा 27 धरला, तर एकूण विजेचा तिसरा हिस्सा रात्री पडला की बरोबरी होते. त्याहून कमी पडला तर 'इकॉनॉमी सेव्हन', म्हणजे रात्री सात तास स्वस्त विजेची आपली योजना, तोट्याची. आकडे आपापल्या बिलातले घालायचे, रीत हीच. बंद पडलेले हीटर ठेवून दिवसा पंख्याचा हीटर लावणाऱ्या घरांचं बिल का फुगतं, ते यातूनच कळलं.

मीटरची तपासणी तर आम्हाला सुचलीच नसती. आपल्या भागात स्वस्त वेळ साडेबारा ते साडेसात, पण ती हिवाळ्याच्या घड्याळाने. बऱ्याच मीटरांवर उन्हाळ्यात ती दीड ते साडेआठ होते. रात्री दोनला कुठला आकडा पुढे सरकतो ते पाहायचं. बिलात तोच आकडा रात्रीचा म्हणून धरलेला नसेल, तर दोन्ही आकड्यांचे फोटो काढून कंपनीला कळवायचं.

पाण्याच्या टाकीतली खालची कॉइल रात्री, वरची फक्त पाहुणे आल्यावर. थर्मोस्टॅट 60 अंशांवर, कारण त्याखाली टाकीत जंतू वाढू शकतात. कपडे धुण्याचं यंत्र सगळे झोपेत असताना नाही, तर साडेसहाला उठल्यावर, स्वस्त तास संपायच्या आत.

आणि हीटरवर ओले कपडे वाळत घालू नका, हे तुम्ही कळकळीने सांगितलंत. हवेची वाट बंद होते, आतला सुरक्षा कटआउट वीज तोडतो, हीटर गार पडतो. त्याआधी कपडाच पेटण्याची भीती. हीटर अर्धाच तापत असेल तर बहुधा एखादं एलिमेंट गेलेलं असतं, पण स्वतः झाकण उघडायचं नाही. बूस्टवाल्या हीटरला दोन वेगळ्या लाइनी येतात, त्यातली एक बंद केली तरी दुसरी जिवंत राहते. जुन्या काही हीटरांत ॲस्बेस्टॉसही असतं.

तुमच्या अक्षरातल्या कार्डाच्या प्रती काढून प्रत्येक हीटरच्या स्विचशेजारी चिकटवल्या आहेत. तळमजल्यावरच्या रिकाम्या घरातही एक लावली आहे, नवे लोक येण्याआधी.

आपले कृतज्ञ,
इमारतीतली मराठी घरं