अमळनेरच्या काकांना, उशिरा का होईना

ती. काकांना,
शि. सा. नमस्कार.

हे पत्र तुम्हाला आवडणार नाही. नाव लिहिलं नाही, तरी अमळनेरातली निम्मी माणसं तुम्हाला ओळखतील. पण तोंडावर आभार मानायला गेलो तर 'वहिनी, चहा टाका' म्हणून तुम्ही विषयच मोडलात. मग दुसरा मार्ग कुठला उरला?

आधी जरा मळमळ ओकतो. आईच्या नावावरचे विप्रोचे शेअर सात वर्षं लाभांश न घेतल्यामुळे सरकारी निधीत गेले, ते परत मिळवायला आम्ही दीड वर्ष चपला झिजवल्या. आईला कंपवात आहे, हे एका बँकेच्या काउंटरवर मी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्या गृहस्थांनी मान वर न करता कागद काचेखालून परत सरकवला. "सही जुळत नाही. पुढचे या." आई शेजारीच उभी होती. एक एजंट भेटला, त्याला वीस टक्के हवे होते, त्यातले अर्धे आधी. आणि आमचे एक नातेवाईक म्हणाले, "पाच शेअरसाठी कसली धावपळ? सोडून द्या."

पाच शेअर! तुम्ही आलात, पिशवीतून जुना पेपर काढलात आणि त्याच्या कोऱ्या कडेला हिशेब मांडलात, तो मला पाठ झालाय. बाबांनी १९९८ साली शेजाऱ्याकडून घेतलेले पाच. १९९९ ला दहा रुपये दर्शनी किमतीच्या एका शेअरचे दोन-दोन रुपयांचे पाच झाले, म्हणजे पंचवीस. २००४ ला एकावर दोन बोनस, म्हणजे फुकट मिळालेले, पंच्याहत्तर. २००५ ला दीडशे. २०१० ला तिनावर दोन, अडीचशे. २०१७ ला पाचशे. २०१९ ला तिनावर एक, सहाशे सहासष्ट. २०२४ ला पुन्हा दुप्पट, तेराशे बत्तीस. आई बाबांच्या आठवणीनं म्हणाली, "मास्तरांना हे कळायला हवं होतं." तुम्ही काही बोलला नाहीत. बाबांनी त्याआधीचे सगळे शेअर ताईच्या लग्नात विकले होते, हे तुम्हाला माहीत होतं. त्याचा हिशेब तुम्ही मांडला नाहीत, हेही माझ्या लक्षात आहे.

खरं सांगू? विप्रो अमळनेरातच सुरू झाली, म्हणून तिथे विप्रोवाल्या प्रेमजी शेठचं कौतुक इतकं चालतं की लहानपणी मला त्याचा कंटाळा यायचा. कंपनी आणि शेठ दोघं १९४५ चे, शेठ जुलैचे आणि कंपनी डिसेंबरची. आपल्या खानदेशातल्या शेंगदाण्याचं तेल, मग वनस्पती तूप, मग साबण. १९६६ मध्ये वडील गेले तेव्हा अझीम प्रेमजी एकवीस वर्षांचे, अमेरिकेत स्टॅनफर्डला इंजिनिअरिंग शिकत होते. शिक्षण अर्धवट टाकून आले. भागधारकांच्या सभेत एकानं त्यांना सुनावलं की ही कंपनी चालवणं तुझ्यासारख्या पोराचं काम नाही, विकून मोकळा हो. पुढे १९७७-७८ मध्ये आयबीएम देशातून गेली, आणि तेल-तुपाच्या कंपनीनं कॉम्प्युटरमध्ये हात घातला. हे सगळं गावात कट्ट्याकट्ट्यावर ऐकलेलं. आता काय नवीन सांगणार कुणी, असं मला वाटायचं.

तुम्ही सांगितलंत. त्याच कंपनीच्या कारखान्यात हिशेबाच्या खात्यात आयुष्य काढलेला माणूस तुम्ही, पण सांगितलंत ते तेलाचंही नाही आणि पैशाचंही नाही.

त्या दिवशी आईनं तिसरा कागद खराब केला आणि पेन खाली ठेवलं. "आता नाही होत माझ्याच्यानं." तुम्ही खिशातून पेन्सिल काढलीत, ब्लेडनं टोक केलंत, हिशेबाचा तोच पेपर उलटा घातलात आणि त्यावर दुरेघी ओढलीत. शाळेत ओढतात तशी. मग १९९८ च्या कागदावरची तिची सही समोर ठेवून म्हणालात, "वहिनी, सही बदलली नाही हो, हात थकलाय. पहिल्या अक्षराचा वळसा तेवढा बघा, बाकी आपोआप येतं." आणि मग ते, "शेठनी अर्धवट सुटलेली डिग्री तीसेक वर्षांनी पुरी केली, एवढा धंदा सांभाळून. तुम्हाला एका सहीला चार दिवस लागले तर कुठे बिघडलं?"

आई हसली, काका. कंपवात झाल्यापासून कागदासमोर बसून ती हसलेली मी पाहिली नव्हती.

चार नाही, सहा दिवस लागले. तुम्ही रोज चारच्या एसटीनं धुळ्याला येत होतात. सातव्या दिवशी दुसऱ्या शाखेतल्या मॅनेजरबाईंसमोर तिनं सही केली. त्यांनी आधी तिला खुर्ची दिली. तेवढं तरी जगात शिल्लक आहे म्हणायचं. पुढचे कागद, खेटे, सगळं तुम्ही केलंत. त्यातलं मला अजून अर्धंच कळलंय आणि ते लिहीतही नाही.

एकदा मी विचारलं होतं, काका, तुम्ही काय घ्याल? तेव्हा तुम्ही मला २०१९ ची गोष्ट ऐकवलीत. शेठनी फाउंडेशनला दिलेली एकूण रक्कम पेपरात एक लाख पंचेचाळीस हजार कोटी आली, आणि चष्मा काढून तुम्ही शून्यं मोजायला बसलात. दोनदा मोजूनही चुकलात. "जन्मभर हिशेब केला, पण एवढी शून्यं लिहायची वेळ आली नव्हती." ते फाउंडेशन सरकारी शाळांतल्या शिक्षकांबरोबर काम करतं, हे ऐकून आई म्हणाली होती, मास्तरांना बरं वाटलं असतं. माझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र राहूनच गेलं. नंतर पेढ्यांचा डबा दिला, तर अर्धे पेढे काढून घेऊन डबा आमच्याच ओट्यावर ठेवून गेलात.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेला बोरीच्या पात्रात उतरायचंच, असा तिचा हट्ट आहे. तेव्हा तुमच्याकडे येऊ. तुमची पेन्सिल इकडेच राहिली आहे. ती आणली असती, पण आई द्यायला तयार नाही. रोज दुपारी ती त्या दुरेघीवर एकदा सही करते.

तुमचा,
मास्तरांचा धाकटा