दोरीवरच्या पिशव्या

प्रिय सुमे,

दिवाळीत फोन करते म्हणाले नि आता गुढीपाडवा आला. शिव्या घाल, पण आधी वाच. तब्येती ठीक, माझी बीपीची गोळी चालू, ह्यांचा गुडघा आहे तसाच.

काल सईच्या मैत्रिणी प्रोजेक्टसाठी येणार होत्या, तर ही मला म्हणते, "मम्मा, त्या दुधाच्या पिशव्या काढ ना दोरीवरून, काय म्हणतील सगळ्या!" अगं, माझ्या हातातला चिमटा हातातच राहिला. तुला कळलंच असेल. मिरजेचं परडं, अकरावी, तू पहिल्यांदा घरी आलेलीस आणि मी आईच्या पिशव्या ओढून बादलीत कोंबल्या. आईने बघितलं. काही बोलली नाही, चहा टाकायला गेली.

मला तरी कुठे होतं हे वेड? २०१८ ला प्लॅस्टिकबंदी आली, सापडलात तर पहिल्याच वेळी ५००० दंड, तेव्हा ह्यांनी घाबरून घरातल्या झाडून सगळ्या कॅरीबॅगा एका मोठ्या कॅरीबॅगेत भरून माळ्यावर टाकल्या, अजून तिथेच आहेत! दुधाच्या पिशवीमागे ५० पैसे परत मिळणार असंही तेव्हा ठरलेलं, मी आमच्या दुकानात मागितले तर तो नुसता हसला. मग मीच धुवायला लागले. रोजच्या दोन. आत थेंब राहिला की घाण वास मारतो आणि भंगारवाला हात लावत नाही, म्हणून उलट्या टांगायच्या. आणि कोपरा पूर्ण कापायचा नाही गं, लटकता ठेवायचा, तो एवढासा तुकडा कोण वेचणार, गटारातच जातो. हे सांगायला लागले की सई इअरफोन घालते. शाळेच्या पोस्टरवर मात्र नाकात स्ट्रॉ अडकलेलं कासव काढून बक्षीस आणलं बाईंनी! परवा डबा घेऊन मासळीबाजारात गेले तर मावशी म्हणे, "सुरमई नेतेस का शाळेत चाललीस?"

तर, मी काढल्या पिशव्या. ओल्याच.

तुझी बदली झाली का? नवं घर लागलं? लेकाचं सबमिशन आटपलं का, आणि त्याला सांग, जर्नल कुणाला देऊ नको. माझं बॉटनीचं तुझ्याकडेच आहे, दीड महिना बोललो नव्हतो तरी तू कबूल नाही केलंस.

पण त्या दिवशी बादलीकडे बघून तू म्हणालेलीस, "आमच्याकडे पण असतात की." नंतर मी शंभरदा तुमच्याकडे आले, दोरीवर एक पिशवी दिसली नाही. खरं सांग, असायच्या का गं?

तुझी,
मंजू